रवंथ

शेळी रात्री रवंथ करताना बोराच्या आठोळ्या थुंकते, हे मला जैसलमेरला जाऊन कळलं. याची अजूनही थोडी लाज वाटते, कारण माझं बालपण माणदेशातलं. दारात चार शेळ्या असायच्या. दिवाळीनंतर बोरीखाली सोडल्या की पोट टम्म करून यायच्या, आणि सकाळी वाडगं झाडताना खराट्यापुढे आठोळ्या खडखडत जायच्या. लेंड्यांत मिसळलेल्या नव्हेत, सुट्या. चोखून, धुऊन ठेवल्यासारख्या. त्या आल्या कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आईला पडला असेल तर तिने तो माझ्यापाशी काढला नाही. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, बियांचा प्रसार हाच विषय घेतला, आणि शेळीच्या पोटातून बी कशी जाते यावर बरंच वाचलं. ती तोंडातून परत येते हे वाचनात असेलही, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

ते शिरलं डिसेंबरातल्या एका रात्री. जैसलमेरच्या पश्चिमेला, पक्क्या सडकेपासून बरीच आत असलेल्या एका ढाणीवर मी मुक्कामाला होते. ढाणी म्हणजे आपल्याकडची वाडी, पण तीनचार घरांची आणि पुढची ढाणी नजरेच्या टप्प्याबाहेर. थंडी अशी की पाण्याच्या बादलीला हात लावायचं धाडस होत नव्हतं. झोप येईना म्हणून गोधडी गुंडाळून शेळ्यांच्या कुंपणापाशी बसले. आत साठसत्तर जनावरं, अंधार, आणि सगळ्यांच्या चघळण्याचा एकच दबका आवाज. मधूनच ‘टक’. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक’. पाण्याच्या रिकाम्या पत्र्याच्या कुंडीवर काहीतरी पडत होतं. मी बॅटरी लावायला गेले तेवढ्यात मागच्या खाटेवरून घरधनी म्हणाले, “थुंकतेय, बाईसा. कडक असलं की वरून टाकते, बारीक असलं की खालून.”

घरधन्यांना सगळे बासा म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे असंच म्हणतात. आणि मी त्यांची बाईसा, म्हणजे लेकही आणि पाहुणीही.

मी तिथे आले होते बोरडीसाठी. पुण्यामुंबईत शाळेबाहेर टोपलीत जी चन्यामन्या बोरं मिळतात, त्यांचं हे झुडूप. थारमध्ये कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं वाढतं, वाकड्या काट्यांनी भरलेलं. फळ वाटाण्यापेक्षा जरा मोठं, आणि त्यातली बरीचशी जागा आठोळीनेच घेतलेली. पण तिथल्या माणसाला फळाचं अप्रूप कमी, पानाचं जास्त. पानं झोडून, वाळवून साठवतात आणि उन्हाळ्यात जनावरांना घालतात. त्या वैरणीचं नाव ‘पाला’. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, बासा माझ्यासाठी मराठी बोलतायत.

माझं काम सांगायला सोपं होतं. एका ओरणातली बोरडी दुसऱ्या ओरणातल्या बोरडीची कोण लागते, एवढं शोधायचं. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईचं वाळवंटातलं भावंड. पण देवराई म्हटल्यावर कोकणातली गच्च झाडी डोळ्यांपुढे येते, तसं इथे काही नसतं. मैलोन्मैल सेवण गवत, त्यात बोरडी, कैर, जाळ, मधूनच एखादी खेजडी. कुऱ्हाड लावायची नाही, चरायला मात्र मुभा. देगराय मातेचं ओरण जैसलमेरमध्येच आहे, आणि बिकानेरजवळ देशनोकच्या करणीमातेचं ओरण तर बोरडीचंच म्हणून ओळखलं जातं. महसुली दप्तरात अशा किती जमिनी पडीक म्हणून लिहिल्या गेल्या याचा हिशेब कुणी मांडला, तर मला तो वाचायला आवडेल. आवडेल म्हणजे राग येईल. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातली ओरणं शोधून, मोजून त्यांची वन म्हणून नोंद करायला सांगितलं. माझं काम चालू होतं तेव्हा ती पडीकच होती.

ओरणं ही बेटं. मधे शेतं, धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या, रस्ते, आणि आता सौर प्रकल्पांच्या जाळ्या. झुडूप तर जागचं हलत नाही. मग एका बेटावरच्या बोरडीचा दुसऱ्या बेटाशी संबंध राहतो कसा? दोनच वाटा: परागकण आणि बी. बोरडीचं फूल इवलंसं, पिवळट-हिरवं. त्यावर येतात माश्या, मधमाश्या, गांधीलमाश्या. त्यांची धाव जवळची. लांबचा प्रवास करायचा तर बीनेच करायला हवा. आणि या दोन वाटा वेगळ्या ओळखता येतात, ही मला या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पेशीच्या केंद्रातला डीएनए आईबापांकडून निम्मानिम्मा येतो. पण पानाला हिरवं करणाऱ्या हरितलवकाचा स्वतःचा थोडा डीएनए असतो, आणि बहुतेक फुलझाडांत तो फक्त आईकडून येतो. परागकणाबरोबर तो जात नाही, बीबरोबरच जातो. म्हणजे दोन ओरणांत हरितलवकाचं तेच कूळ सापडलं, तर कधीतरी बी इकडून तिकडे गेली असण्याचा तो पुरावा. माहेरचं आडनाव म्हणा ना, सासरी गेलं तरी न बदललेलं.

आणि हे पुसायचं कशासाठी, तर एकटं पडलेलं रान आपापसातच सोयरिकी करत राहतं. दोनचार पिढ्या काही दिसत नाही. मग बिया पोचट निघू लागतात, रोपं किरकोळ होतात, एखाद्या दुष्काळात सगळीच एकदम मान टाकतात, कारण सगळ्यांची खोड एकच. सूअल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1931 साली जे गणित मांडलं, त्यातून पुढे एक ठोकताळा निघाला: दर पिढीला बाहेरून एक पाहुणा आला आणि नांदला, तरी दोन वस्त्या एकमेकींपासून फार तुटत नाहीत. एकच! वस्ती केवढीही असो. मला हे वाचून पहिल्यांदा हसू आलं होतं. एक आठोळी पोचवायला असं काय लागतं? पण ‘नांदला’ या शब्दात सगळं अडकलेलं आहे. आठोळी पोचायला हवी, ती रुजायला हवी, शेळीच्या तोंडातून वाचायला हवी, आणि फुलावर यायला हवी. जिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आणि जो पडतो तो चार सरींत, तिथे.

पहिल्या वर्षीची पानं मी वाया घालवली. सरळ माझी चूक. पान तोडलं की ते पाकिटात सिलिका जेलबरोबर ठेवायचं. ते ओल शोषतं, पान झटक्यात वाळतं, डीएनए टिकतो. वाळवंटात आहोत, ओल असणार कुठून, असं म्हणून मी जेल कमी भरलं. पण बोरडीचं पान वरून कागदासारखं दिसलं तरी आत चिकट द्रव धरून असतं. पुण्याला पोचेपर्यंत निम्मी पाकिटं काळवंडली होती. उरलेल्यांचा अर्क काढायला बसले तर नळीत शेंबडासारखी तार. पिपेट त्यात रुतून बसायचा. महिना गेला त्यात. पुढच्या खेपेला ढाणीवर हे रडगाणं गायले, तर बासांच्या सूनबाई पदराआड हसायला लागल्या. त्यांनी मूठभर हिरवा पाला घेतला, पाण्यात चुरगाळला आणि वाडग्यात फेस करून दाखवला. तिथल्या बायका याने केस धुतात. शेजारच्या मुसलमान ढाणीवर मयताला अखेरचं न्हाऊ घालायच्या पाण्यातही बोरीचा पाला टाकतात, हेही त्यांनीच सांगितलं. ज्या गुणाने माझ्या नळ्या बुजवल्या तो त्यांच्या रोजच्या वापरातला होता. मी मिठाचं प्रमाण वाढवलं, धुण्याच्या फेऱ्या वाढवल्या, आणि गाडी पुढे सरकली.

सरकली ती दुसऱ्या खड्ड्यात. एका ओरणातून मी बोरडीच्या बारा जाळ्यांची पानं आणली होती, एकमेकींपासून बऱ्या अंतरावरच्या. निकाल आला तर त्यांतल्या बहुतेक तंतोतंत एक. मला वाटलं, पाकिटांची अदलाबदल झाली. पुन्हा गेले, पुन्हा आणली, पुन्हा तेच. बोरडी मुळातून फुटते, हे पुस्तकात होतंच. एम. एम. भंडारींचं भारतीय वाळवंटातल्या वनस्पतींवरचं पुस्तक मी पिशवीत घेऊनच हिंडायचे. पण आडवं मूळ वाळूखालून एवढं लांब जाऊन वर येतं, आणि आपण ज्याला बारा म्हणून मोजतो ते एकच झुडूप असू शकतं, हे अंगावर आल्याशिवाय पटत नाही. हिरवंगार ओरण बघून ‘काय सुरेख राखलंय’ म्हणावं, आणि प्रत्यक्षात तिथे बोटांवर मोजण्याइतकेच जीव असावेत.

मग मी पानं सोडून वाहकांच्या मागे लागले. कोण बी नेतं, किती लांब. वाळवंटात हा धंदा सगळेच करतात. रोहिड्याच्या बीला पातळ पंख, ती वाऱ्यावर जाते. फोगाच्या फळाला केसाळ काटे, ते वाळूवर घरंगळतं. तुंबा, म्हणजे आपलं कडू इंद्रावण, वाळला की पोकळ होतो आणि लू सुटली की चेंडूसारखा पळतो. भुरट गवताचे काटे माझ्या मोज्यांतून पुण्यापर्यंत आले, आईने ते चिमट्याने काढले आणि मला दोन शब्द सुनावले. बोरडीच्या बीला मात्र पंखही नाहीत, काटेही नाहीत. तिच्यापाशी आंबटगोड गराची एक पातळशी चादर, बस्स. त्या लाचेवर खोकड येतं, तितर येतं, गोडावण येतो.

गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि शाळेच्या सहलीत आम्हाला माळावर नेऊन ‘तो बघा’ म्हणून दाखवलेला लांबचा ठिपका हाच माझा माळढोक. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये सुदासरीला मी तो नीट पाहिला. मान वर करून, सरपंच गावातून चालावा तसा चालत आला, बोरडीपाशी थांबला आणि खाली पडलेली बोरं अख्खी गिळत गेला. मला पक्षी बघायचा होता, पण मी मोजत होते बोरं. एवढा मोठा पक्षी पोटात आठोळ्या घेऊन उडाला, तर शेळी आठवडाभरात जाणार नाही तेवढं अंतर तो एका झेपेत जाईल. पण आता देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, आणि उच्चदाबाच्या तारांना धडकून मरतात. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, पुढे तो शिथिल झाला. पक्ष्याची बातमी येते. त्याच्या पोटातल्या आठोळ्यांची कशाला येईल?

उरली शेळी. तिच्यावर मी पैज लावून बसले होते. रोज कित्येक मैल हिंडते, काय वाटेल ते खाते. पण कुंपणापाशी बसून रात्री मोजू लागले तसा माझा उत्साह मावळला. शेळी दिवसभर हिंडते खरी, पण संध्याकाळी घरी येते. आणि आठोळ्या टाकते त्या रात्री, बसल्याजागी. म्हणजे दहा दिशांची बोरं एका कुंपणात जमा. ओरणातून ओरणात नाही, ओरणातून वाड्यात. तिथे ती खुरांखाली जातात, किंवा मिंगणीबरोबर, म्हणजे लेंडीखताबरोबर, ट्रॅक्टरमध्ये भरून कुणाच्या तरी शेतात. मी बासांना म्हटलं, तुमच्या शेळ्या बियांचा प्रवास करवत नाहीत, बियांची बँक चालवतात. त्यांना विनोद कळला नसावा. ते म्हणाले, “शेळीचं काय विचारता, मेंढीचं विचारा. एवड कुठे जायचा ते विचारा.”

एवड म्हणजे मेंढरांचा कळप. आपल्याकडे धनगर कोकणात उतरतो, तसे तिकडचे कळप पाऊस हुकला की निघतात. बासांच्या वडिलांच्या काळात ते पश्चिमेला जायचे, सिंधमध्ये. सोयरेही तिकडेच होते. ‘छप्पनिया’ म्हणून ज्याच्या आठवणी अजून निघतात, तो 1899-1900 चा दुष्काळ. त्यात कोण कुठे गेलं, कोण परतलं नाही, हे बासांनी स्वतः पाहिलेलं नाही, पण सांगताना आवाज खाली येतो. 1947 ला रेघ पडली, तरी काही वर्षं जनावरांना ती कळली नव्हती. मग युद्धं झाली, आणि नव्वदच्या दशकात काटेरी तारांचं कुंपण उभं राहिलं. दुसऱ्या बाजूने इंदिरा गांधी कालवा येत होता. 1958 साली काम सुरू झालं, 1987 च्या सुमारास पाणी मोहनगढपर्यंत आलं. जिथून कळप जायचे तिथे पाण्याची भिंत आणि पलीकडे शेतं. बासा हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. कालव्याचं पाणी त्यांच्या मुलाच्या शेतालाही आहे.

आता मुद्दा. मी त्यांना मोबाइलवर माझे नकाशे दाखवत होते. ज्या जाळ्यांची पानं घेतली होती, त्यांचे ठिपके. मोठ्या, घेरदार, जुन्या जाळ्या मी मुद्दाम निवडल्या होत्या. त्या सापडायला सोप्या, भरपूर पानं देणाऱ्या, आणि खरं सांगायचं तर फोटोत छान दिसणाऱ्या. बासा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही म्हाताऱ्यांनाच विचारत सुटलात. म्हातारा तर सिंधच्याच गोष्टी सांगणार.”

मी त्या रात्री गोधडीत जागीच होते. पुस्तकात हे सगळं होतं, वेगळ्या शब्दांत. दीर्घायुषी झाडांत वाट तुटल्याची खूण उशिरा उमटते. आज उभी असलेली जुनी जाळी रुजली तेव्हा कळप चालत होते, माळढोक उडत होता, तारा नव्हत्या. तिच्या पेशीतला कूळवृत्तांत त्या काळचा. मी दोन ओरणांतल्या जुन्या जाळ्यांची पानं लावून पाहिली, दोन्हीकडे एक कूळ सापडलं, की अहवालात लिहिणार होते: संबंध चांगला आहे, काळजीचं कारण नाही. आणि वाक्य खरं असतं, फक्त साठसत्तर वर्षांपूर्वीचं. वाट आज बंद झाली तरी ही झुडपं ‘वाट चालू आहे’ असंच सांगत राहतील, मुळातून पुन्हा पुन्हा फुटून, आणखी कितीतरी वर्षं. आजचं विचारायचं तर रोपांनाच विचारायला हवं.

रोपं कुठे होती? तो हिवाळा आणि पुढचा अख्खा उन्हाळा मी जमिनीला नाक लावून हिंडले. जे रोप वाटायचं ते उकरलं की खाली आडवं मूळ निघायचं, म्हणजे जुन्याच झुडपाचं धुमारं. बीपासून आलेलं रोप ओळखायचं तर सरळ खाली गेलेलं एकच सोटमूळ शोधायचं, आणि ते उपटल्याशिवाय दिसत नाही. मी काही रोपं त्या तपासात मारली, हेही लिहून ठेवते. वाळवंटात रोपं दरवर्षी येत नाहीत. बऱ्या पावसाचं साल लागतं. तिकडे अजून लोक 2006 च्या ऑगस्टची आठवण काढतात, बाडमेरकडे पूर आला होता तेव्हाची. वाळवंटात पूर, हे ऐकायला विचित्र, पण त्या साली काय काय उगवलं याची यादी बासा पाठ असल्यासारखी म्हणायचे.

माझ्या तिसऱ्या वर्षी बरा पाऊस झाला. सप्टेंबरात फोन आला, “बाईसा, तुमची पोरं आलीत.” मी मिळेल त्या गाडीने जोधपूरला आणि तिथून बसने पोचले. ओरणाच्या कडेला एक जुना, मोडका मुक्काम होता, कधीकाळी एवड बसायचा तिथला. काळ्या पडलेल्या मिंगणीचा थर, आणि त्यात चार-सहा ठिकाणी बोटभर रोपं. जवळपास एकही मोठी जाळी नाही, तेव्हा धुमारं असण्याची शंका कमी. मी गुडघ्यावर बसले, चिमटा काढला. एका रोपाला पाच पानं होती, त्यातली दोन धड.

“किती घेणार?” बासांनी विचारलं.

प्रयोगशाळेच्या हिशेबाने दोन लागतात. शेंबडातून अर्क काढायचा असला तर तीन बरी.

“एक घ्या,” ते म्हणाले. “बाकीची तिला लागतील.”

मी एक घेतलं. जेल यावेळी पाकिटाच्या तोंडापर्यंत भरलं. पाकिटावर तारीख, ठिकाण आणि क्रमांक घालेपर्यंत बासा बोरडीची तोडून टाकलेली एक वाळकी फांदी ओढत घेऊन आले. काट्यांचा भाग वर करून त्यांनी ती रोपावर पालथी घातली आणि टोकांवर दोन दगड ठेवले. लांबून घंटा वाजत होती. त्यांच्याच शेळ्या होत्या, ओरणातून घरी निघालेल्या.